ऑलिम्पिकमधले हौशी, आणि त्यांच्या खुराकाचा प्रश्न

माणदेशी_गडी
मंडळी, गेला आठवडाभर आमच्या शाहूपुरीच्या घरात जेवणं झाली की हिवाळी ऑलिम्पिक लागतं. लावतो मी, बघतात दादा. दादा म्हणजे वडील, वय ७८, ऐन उमेदीत तालमीत होते, माण-खटावातल्या जत्रांची मैदानं केलेली. पहिल्या रात्री कर्लिंग (बर्फावर दगड सरकवायचा खेळ) बघून म्हणाले, "अरं, ही माणसं फरशी पुसत्यात व्हय?" मी सांगितलं, तो दगड जवळपास वीस किलोचा असतो, स्कॉटलंडकडच्या आयल्सा क्रेग बेटावरच्या ग्रॅनाइटचा. वीस किलोचा गोटा म्हटल्यावर जरा सावरून बसले. मग पुढचा प्रश्न आला, आणि त्यासाठीच हा धागा.

"ह्यांचा खुराक कोन बघतं?"

मला उत्तर देता येईना. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की ऑलिम्पिक हौशी खेळाडूंचं, पैसे घेऊन खेळणाऱ्याला तिथं जागा नाही. आता बघावं तर आइस हॉकीत एनएचएलचे (अमेरिका-कॅनडातली पगारी लीग) कोट्यधीश खेळाडू यंदा, २०२६ ला, परत आलेत. २०१८ आणि २०२२ ला ते नव्हते. मला आपलं वाटतं की जुनं बरं होतं. १९८० ला लेक प्लॅसिडच्या फायनलमध्ये अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी रशियाला ४-३ नं लोळवलं, तसला सामना आता होणार आहे का? हौस होती म्हणून तर झालं ना ते? तुमचं काय म्हणणं?

हळदीचं_पेव
आधी एक दुरुस्ती. ती फायनल नव्हती. शेवटच्या फेरीत चार संघ होते आणि पदक गुणांवर ठरायचं होतं. रशियाला हरवल्यावरही अमेरिकेला फिनलंडला हरवावं लागलं (४-२), तेव्हा सुवर्ण पक्कं झालं. सगळेच ही चूक करतात.

दुसरं, रशियाची ती टीमसुद्धा कागदावर हौशीच होती बरं का! निम्म्याहून जास्त पोरं मॉस्कोच्या आर्मी क्लबची, हुद्द्यानं लष्करी अधिकारी. काम काय, तर वर्षाचे बारा महिने हॉकी. त्या सामन्याच्या काही दिवस आधी न्यूयॉर्कला याच रशियानं याच अमेरिकेला १०-३ नं धुतलं होतं. म्हणजे कागदावर दोन्हीकडे हौशी, पण एकीकडे कॉलेजची पोरं आणि दुसरीकडे पगारी फौज.

कॅनडाची तर यावरूनच सटकली. १९७० च्या जागतिक स्पर्धेत त्यांना मोजके व्यावसायिक खेळवायची परवानगी दिली आणि मग काढून घेतली. कारण काय, तर व्यावसायिकांबरोबर खेळला तर ऑलिम्पिकला अपात्र व्हाल, असा ऑलिम्पिकवाल्यांचा दम. कॅनडा म्हणाला, मग तुमचं तुम्ही खेळा. ज्यांच्या घरचा खेळ, ते १९७२ आणि १९७६ च्या ऑलिम्पिकला आलेच नाहीत. दोन्ही वेळा सुवर्ण कुणाला ते सांगायला नको.

यवतेश्वरचा_वारा
दादांना दंडवत. "खुराक कोन बघतं" हेच धाग्याचं नाव ठेवा की राव.

निवृत्त_पीटी_मास्तर
माणदेशी, तुमच्या दादांनी एका वाक्यात जे विचारलं त्यावर ऑलिम्पिक समितीनं पाऊणशे वर्षं वाद घातला. जरा लांबण लावतो, मास्तरकी केलीय, सवय जात नाही.

हौशीपणाचा नियम इंग्लंडातल्या साहेबलोकांनी काढलेला. तिथल्या नौकानयनाच्या नियमात एकोणिसाव्या शतकात असं कलमच होतं की कारागीर, मजूर, हातानं काम करून पोट भरणारा माणूस हौशी समजला जाणार नाही. खेळाचे पैसे घेतले नसले तरीही! म्हणजे सुतार होडी वल्हवायला बसला तर तो बाद, जमीनदाराचा मुलगा बसला तर तो खरा खेळाडू. पुढे ते कलम सुटलं, पण वास राहिला.

बर्फावरचे खेळ तर मुळातच खर्चाचे. १९३६ ला जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनला उतारावरचं स्कीइंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं आणि तिथंच भांडण लागलं. डोंगरातल्या पोरांचं पोट स्की शिकवण्यावर. समिती म्हणाली, शिकवायचे पैसे घेता म्हणजे तुम्ही धंदेवाईक. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडचे स्कीपटू बाहेर बसले. त्या हिशेबानं कराड तालुक्यात ३१ वर्षं कबड्डी शिकवणारा मीही धंदेवाईक ठरलो असतो. शब्द कसा आहे बघा, धंदेवाईक! म्हणताना तोंड वाकडं होतंच. आणि हौशी म्हटलं की कसं सोज्वळ वाटतं.

मग आले एव्हरी ब्रंडेज. शिकागोचे बांधकाम व्यावसायिक, गडगंज, १९५२ ते १९७२ समितीचे अध्यक्ष. हे गृहस्थ स्वतः १९१२ ला स्टॉकहोमला पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन (पाच आणि दहा मैदानी प्रकारांच्या स्पर्धा) खेळले होते. त्या दोन्ही स्पर्धा जिंकल्या कुणी, तर जिम थॉर्पनं, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी एकानं. त्यानं आधी दोन उन्हाळे किरकोळ पैशावर बेसबॉल खेळलेला निघाला, म्हणून पदकं काढून घेतली. ब्रंडेज अध्यक्ष असेपर्यंत ती परत मिळाली नाहीत. थॉर्प १९५३ ला गेला, समितीचं मन १९८२ ला बदललं.

आता आपल्या दारातलं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ हेलसिंकी, कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते. सरकारदरबारी हात पसरून झाले. शेवटी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार दिले, गावानं वर्गणी काढली. पदक आणल्यावर कराडहून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ती सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतरचं कुणी सांगत नाही. खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडायला हातभार लावला. ब्रंडेजसाहेब त्याच वर्षी अध्यक्ष झालेले. ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली असती तर?

माझं मत स्पष्ट आहे. ज्याचा खुराक घरातून येतो तोच हौशी राहू शकतो. बाकीच्यांनी एकतर उपाशी राहायचं किंवा खोटं बोलायचं.

सायकलवाली_सांगली
मास्तर 🙏 सोन्यासारखा प्रतिसाद. थॉर्पची गोष्ट ऐकून होते, ब्रंडेज त्याच मैदानात होता हे माहीत नव्हतं. हरलेल्यानं चाळीस वर्षांनी पंच व्हायचं, कमाल आहे.

कृष्णाकाठचा_पाव्हणा
मी थोडा उलट बोलतो, रागावू नका. पैसा आला की साधा माणूस बाहेर फेकला जातो. १९८८ ला कॅलगरीत एडी एडवर्ड्स नावाचा इंग्लंडचा गडी स्की जंपिंगला उतरला. धंद्यानं गिलावा करणारा. जाड भिंगाचा चष्मा, वर हेल्मेट, दोन्ही उड्यांच्या स्पर्धांत शेवटचा. लोकांनी डोक्यावर घेतला. आणि समितीनं काय केलं? १९९० ला नियम केला की आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तीस टक्क्यांत किंवा पहिल्या पन्नासांत आलात तरच या. त्याच कॅलगरीत बर्फ न बघितलेल्या जमैकाची बॉबस्लेची (बर्फावरच्या घसरगाडीची) टीम होती. तसली माणसं आता दिसतात का?

हळदीचं_पेव
पाव्हणं, पण एडीला पैशानं नाही हाकललं. तो शेवटचा आला आणि टाळ्या पहिल्याला मिळतात त्याहून जास्त घेऊन गेला, ते झोंबलं त्यांना. आणि दार उघडं ठेवलं की काय होतं तेही बघा. २०१८ ला हंगेरीकडून एक बाई फ्रीस्टाइल स्कीइंगच्या हाफपाइपला आली. ज्या स्पर्धांत कमी लोक उतरायचे तिथं जाऊन, न पडता खाली येऊन गुण गोळा केलेले. ऑलिम्पिकला नुसती एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सरकत खाली आली, उडी ना कसरत. एडी नव्वद मीटरच्या टेकाडावरून जीव हातात घेऊन उडी मारायचा. दोघांना एका तागडीत घालू नका.

म्युनिकचा_मिरजकर
दादांच्या प्रश्नाचं आजचं उत्तर इथून देतो. इथं हिवाळी खेळाडूंचा खुराक कस्टम खातं आणि लष्कर बघतं. विनोद नाही. जर्मन संघातले कितीतरी खेळाडू सैन्याच्या क्रीडा विभागात नोकरीला असतात, आणि कस्टम खात्याची स्वतःची स्की टीम आहे. इटलीचं आणखी पुढं. त्यांचे आर्थिक पोलीस, काराबिनिएरी (लष्करी पोलीस), सैन्य, सगळ्यांचे क्रीडा संघ. सोफिया गोज्जा, २०१८ ची डाउनहिलची सुवर्णपदक विजेती, आर्थिक पोलिसांत आहे. करचोरी पकडायच्या खात्यात! पगार महिन्याच्या महिन्याला, काम बर्फावर.

आपल्याकडे याला काही वेगळं नाव लागत नाही. कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकला तेव्हा रेल्वेत टीसी होता. माणमधल्या मोहीची ललिता बाबर रिओच्या स्टीपलचेस फायनलमध्ये पळाली तेव्हा तीही रेल्वेतच. मग सांगा, टीसी हौशी की व्यावसायिक?

यवतेश्वरचा_वारा
टीसी हा टीसी असतो. आमच्याकडून पावती न देता घेतलेले तीनशे आठवतात. (हलके घ्या.)

चाकावरची_आई
माझी मुलगी अकरा वर्षांची, रोलर स्केटिंग करते. सांगलीत बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, त्यामुळे आमचा हिवाळी खेळांशी संबंध टीव्हीपुरता. पण खुराकाचा हिशोब मला रोजचा आहे. बूट वेगळे, फ्रेम वेगळी, चाकं वेगळी, चाकं झिजतात ती वेगळी. पहाटे पाचला रस्ता मोकळा असतो म्हणून सराव रस्त्यावर. स्पर्धेला गेलो की शाळेत गैरहजेरी लागते, आणि बाईंचा निरोप येतो की "हौस म्हणून ठीक आहे, पण". त्या "पण"च्या पुढचं वाक्य अजून एकदाही पूर्ण झालेलं नाही.

तिला मी शिवा केशवनचा व्हिडिओ दाखवला. मनालीजवळच्या वशिष्ठचा. ल्यूजची घसरगाडी, खाली चाकं लावलेली, आणि हा उताणा झोपून हिमालयातल्या घाटरस्त्यावर ट्रकच्या बाजूनं सुसाट. १९९८ ला नागानोला गेला तेव्हा सोळा वर्षांचा, अख्ख्या भारतातर्फे एकटा. २०१८ पर्यंत सहा ऑलिम्पिक केली. प्रायोजक शोधत, लोकांकडून वर्गणी गोळा करत. २०१४ ला तर सोचीत तिरंग्याशिवाय संचलन करावं लागलं, कारण आपल्या ऑलिम्पिक संघटनेवर बंदी होती. तिथं प्रतिस्पर्धी कोण, तर सैन्याच्या पगारावर बारमाही सराव करणारे जर्मन.

गुलमर्गच्या आरिफ खानचंही तेच. पैशाअभावी २०१८ हुकलं, २०२२ ला बीजिंगला भारताचा एकमेव खेळाडू, जायंट स्लालोममध्ये (उतारावरच्या स्कीइंगचा एक प्रकार) ४५ वा. लोक म्हणाले, पंचेचाळिसावा? मी म्हटलं, मोठ्या डोंगरांच्या देशातल्या पोरांत घुसून पंचेचाळिसावा.

पाव्हणं, तुम्ही म्हणता तो साधा माणूस हाच ना? त्याला बाहेर पैशानं ठेवलं, पण पैसा आल्यानं नाही. त्याच्यापर्यंत न आल्यानं.

कृष्णाकाठचा_पाव्हणा
ताई, हे मान्य. मुद्दा मागे घेत नाही, पण मान्य.

बॅट_पॅड_मिरज
क्रिकेटचं कुणीच आणलं नाही म्हणून आणतो. इंग्लंडात १९६२ पर्यंत जंटलमेन (हौशी) आणि प्लेयर्स (पगारी) अशा दोन जाती होत्या. हौशींची कपडे बदलायची खोली वेगळी, मैदानात यायचं फाटक वेगळं. धावफलकावर हौशीची आद्याक्षरं नावाआधी, पगारीची नावानंतर. लॉर्ड्सवर एकदा ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर केली, की फलकावर एफ. जे. टिटमस छापलंय ते टिटमस, एफ. जे. असं वाचावं. पोरगा नवखा, आणि याला पंगत कुठली ते माइकवरून सांगितलं!

निवृत्त_पीटी_मास्तर
वा बॅट-पॅड, हे अगदी नेमकं. पंगतच ती.

ब्रंडेजसाहेबांच्या शेवटच्या पंगतीचंही सांगतो. १९६८ ला ग्रेनोबलला फ्रान्सचा जाँ-क्लोद किली तीन सुवर्णं जिंकला. साहेबांचा आक्षेप काय, तर स्कीवर कंपनीचं नाव दिसतं. शेवटी तोडगा असा निघाला की शर्यत संपली की फोटोच्या आधी स्की काढून घ्यायच्या. म्हणजे नवरदेवाचा फोटो, पण घोडा लपवून.

१९७२ ला सापोरोला मात्र इरेला पेटले. ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रान्झला जाहिरातीचे पैसे घेतो म्हणून स्पर्धेच्या तोंडावर घरी पाठवलं. सगळेच घेत होते, सापडला हा एक, कारण तो लपवत नव्हता. व्हिएन्नात त्याच्या स्वागताला रस्ते माणसांनी फुलले. एकही शर्यत न खेळता राजासारखी मिरवणूक. त्याच वर्षी साहेबांची कारकीर्द संपली आणि दोन वर्षांत नियम सैल व्हायला लागले. पुढे कोण व्यावसायिक नि कोण पात्र, ते त्या त्या खेळाच्या संघटनेवर सोडलं. तरी १९८४ पर्यंत चटके बसत होते. १९८० ला दोन-दोन सुवर्णं जिंकलेले स्वीडनचा स्टेनमार्क आणि लिख्टेनस्टाइनची हॅनी वेंझेल, दोघांनाही सारायेव्होला येऊ दिलं नाही. गुन्हा असा की त्यांनी जाहिरातीचे पैसे संघटनेमार्फत न घेता थेट घेतले. पैसे घेणं चालत होतं, हात कुणाचा आधी लागतो यावर पावित्र्य ठरत होतं.

सायकलवाली_सांगली
गाडीची गोष्ट राहिली की! कॅनडाची बार्बरा ॲन स्कॉट, फिगर स्केटिंगची जगज्जेती. १९४७ ला जिंकून आली तर ओटावा शहरानं तिला पिवळी उघडी ब्युइक गाडी भेट दिली. ब्रंडेजनं (तेव्हा तो अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीचा प्रमुख होता) कुरकुर केली, गाडी घेतली तर हौशी राहणार नाही म्हणे. बिचारीनं गाडी परत केली, १९४८ ला ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं आणि मग गाडी घेतली. एकोणीस वर्षांची पोर ती.

आपल्याकडे महाराष्ट्र केसरीला गाडी देतात आणि पैलवान टपावर बसून गावात येतो. ब्रंडेज ती मिरवणूक बघायला असता तर चक्कर येऊन पडला असता.

यवतेश्वरचा_वारा
आणि शुद्धीवर आल्यावर बैलगाडा शर्यतीची बक्षिसं ऐकून पुन्हा पडला असता. तिथं बैल हौशी की व्यावसायिक?

बॅट_पॅड_मिरज
बैलाचा खुराक माझ्यापेक्षा भारी आहे एवढं नक्की.

माणदेशी_गडी
मंडळी, काल रात्री हा सगळा धागा दादांना वाचून दाखवला. चष्मा लावून बसले होते, जणू पत्र आलंय.

श्रान्झच्या गोष्टीवर मान हलवली. थॉर्पच्या गोष्टीवर शिवी दिली, इथं लिहीत नाही. मग मी विचारलं, "दादा, तुम्ही हौशी का धंदेवाईक?" तर हसले. म्हणाले, "पयल्यांदा रेवड्यांवरची कुस्ती केली, मग नारळावरची, मग रुपयावरची. कुटल्या कुस्तीपासनं धंदेवाईक धरायचं ते तुज्या सायबाला इचार."

मग ते बोलत राहिले. सगळ्यात मोठं इनाम एकशे एक रुपये आणि फेटा. त्याच महिन्यात वस्तादांनी बदाम वाढवायला सांगितलेले. इनाम आणि खुराक यांची तोंडं कधीच मिळाली नाहीत. आजोबांनी दुभती म्हैस ठेवली होती ती दादांच्या दुधासाठी, घरात चहा काळा. ७२ चा दुष्काळ पडला, म्हैस विकली, आणि दादा तालमीतून थेट रोजगार हमीच्या खडी फोडायच्या कामावर गेले. हे मला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं. मला आपलं वाटायचं, लग्न झालं म्हणून कुस्ती सुटली.

मी धाग्याच्या सुरुवातीला "जुनं बरं होतं" असं लिहिलं होतं. ते तसंच राहू देतो, खोडत नाही.

मिरजकर, दादांचा तुम्हाला एक प्रश्न आहे. त्या कस्टमवाल्या पोरांना पुढं पेन्शन लागते का? खाशाबा पोलिसात २७ वर्षं काढून निवृत्त झाले आणि पेन्शनसाठी त्यांना भांडावं लागलं, ते दादांच्या डोक्यात घट्ट बसलंय.

म्युनिकचा_मिरजकर
दादांना सांगा, कस्टममधली पोरं सरकारी नोकर असतात. खेळ संपला की रीतसर खात्यात काम करतात, नोकरी चालू राहते. सैन्यातल्यांचं बहुतेक कराराचं, मुदत संपली की पुढचं आपलं आपण बघायचं.

माणदेशी_गडी
सांगितलं. म्हणाले, "मग कस्टम बरं." आणि लगेच, "फरशीवाल्यांची फायनल कधी हाय?" कुणाला वेळ माहीत असेल तर टाका, आज चहा तेच करणार आहेत म्हणे.